गादी मी ओढली नाही

"बीडपासून तासाभरावर, नेकनूरच्या पुढे जंगलात सँडस्टोनचे बोल्डर आहेत. फार कोणाला ठाऊक नाहीत. जाणार असाल तर एकटे जाऊ नका. तिथे चढताना पडून मेलेल्या एका पोराचा आत्मा आहे, तो चढणाऱ्याला मागून खाली ओढतो. गेल्या हिवाळ्यात त्याने एका मुलीला ओढले. नशीब, त्या पोराचे म्हातारे वडील खाली उभे होते. त्यांनी ऐन वेळी गादी ओढली म्हणून मुलगी वाचली. गावातल्या माणसांनी सांगितलेली खरी गोष्ट आहे."

हा मजकूर याच समूहावर प्रसिद्ध झाला आणि त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. कोणी "अंगावर काटा आला" असे लिहिले, कोणी "बापमाणूस" असे. त्यातला म्हातारा बाप म्हणजे मी. माझी हयात बीडच्या न्यायालयात वकिली करण्यात गेली. विरुद्ध पक्षाच्या कैफियतीत जितकी वाक्ये तितक्या चुका, असे भाग्य मला तिथे क्वचित लाभले. या मजकुराने ते घरबसल्या दिले.

भुताखेतांवर माझा विश्वास कधीही नव्हता. आमच्या गल्लीतल्या पिंपळाला लोक वळसा घालून जात, मी मुद्दाम त्याच्याच पारावर बसून वर्तमानपत्र वाचत असे. तेव्हा पुढे जे लिहीत आहे ते एका भाबड्या म्हाताऱ्याचे समाधान आहे, असे समजून कोणी वाचू नये. मला समाधान नको आहे. मला नोंद दुरुस्त करून हवी आहे.

आधी दगड. माझा मुलगा सुहास आणि त्याच्या क्लासची पोरेही त्याला सँडस्टोनच म्हणत. दगड तांबूस-पिवळा, थरांचा, हाताला वाळूसारखा खरखरीत. मी सुहासला सांगे, अरे, बालाघाटचा हा सगळा डोंगर काळ्या पाषाणाचा, लाव्हाचा. इथे वालुकाश्म येईल कुठून? तो म्हणे, "बाबा, बोटांना जे वाटतं ते मी म्हणतो. तुम्ही पुस्तकाला विचारा." यावर आम्ही कितीतरी रविवार भांडलो. आता भांडायला समोर कोणी नाही, आणि एकट्याने भांडण्यात मजा नसते. तेव्हा सँडस्टोन तर सँडस्टोन. एवढा एकच मुद्दा मी सोडून देतो.

दुसरा मुद्दा सोडणार नाही. सुहास तिथे पडून मेला नाही. तो कुठेच पडून मेला नाही. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी त्याला ताप आला. साधा वाटला म्हणून तो क्लासला जाऊन दोन बॅचना गणित शिकवून आला. मग रक्तातल्या पेशी घटत गेल्या. आम्ही त्याला मोठ्या दवाखान्यात हलवले, आणि तिथे एका दुपारी, खिडकीतून लख्ख ऊन आत येत असताना, तो गेला. मी उशाशी बसलो होतो. त्याचा हात माझ्या हातात होता आणि त्या हाताच्या बोटांना दगडाने पडलेले घट्टे होते. या बाबतीत माझ्याहून चांगला साक्षीदार कोणाला मिळाला असेल, तर त्याने तो हजर करावा.

आता मी त्या दगडांखाली काय करत होतो, ते सांगतो. ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी: यात दोर नसतो. दगड दीड-दोन पुरुष उंच. माणूस हाताला पांढरी पूड लावून बोटांच्या जोरावर चढतो, आणि सुटला तर खाली गादीवर पडतो. सुहास पुण्याला शिकायला असताना हे शिकला. विकतची गादी परवडेना, म्हणून त्याने नेकनूरच्या पिंजाऱ्याकडून सरकीसकट कापूस ठासून भरलेली एक जाडजूड गादी करून घेतली आणि तिला ट्रकच्या ताडपत्रीची खोळ शिवली. पिंजारी म्हणाला होता, "सर, हिच्यावर झोपनार कोन? हत्ती?" तिला धरायला दोन पट्टे होते, त्यातला एक लवकरच तुटला. तेव्हापासून ती ओढायची म्हणजे एक हात पट्ट्यात, दुसरा खोळीच्या कोपऱ्याला, आणि अंग मागे टाकून दोन झटके. एका झटक्यात ती कधीच सरकली नाही.

चढणाऱ्याच्या खाली एक माणूस लागतो. सुरुवातीला इतर कोणी येईना, म्हणून निवृत्त झालेला बाप कामी आला. दगडावर चढून काय सिद्ध करणार आहेस, असे मी पहिल्याच दिवशी विचारले. तो म्हणाला, "काहीच नाही. म्हणून तर बरं वाटतं." मग त्याने मला उभे राहायला शिकवले. पडणाऱ्याला झेलायचे नसते. दोन्ही हात वर करून त्याच्या पाठीमागे उभे राहायचे आणि तो आलाच खाली, तर कमरेला हात देऊन गादीकडे वळवायचे. मी हात वर केले की तो दगडावरून हसत असे.

"वकीलसाहेब, जन्मात पहिल्यांदा शरण आलात."

"वर बघ," मी म्हणे, "आणि तोंड बंद ठेव."

दगडांना त्याने नावे दिली होती. एकाचे नाव 'अपील', कारण तो पहिल्या खेपेला कोणालाच दाद देत नसे. आणि ओढ्याच्या अंगाला जो लांबट, पुढे झुकलेला दगड आहे, त्यावरच्या आडव्या वाटेचे नाव 'तारीख'. ती वाट सुहासला कधीच पूर्ण झाली नाही. दर रविवारी पुढची तारीख. डावीकडे खालून सुरुवात, मग दगडाच्या पोटाखालून आडवे उजवीकडे, आणि शेवटी ओढ्याच्या बाजूला माथ्यावर. वाट आडवी असल्याने सुरुवातीला जिथे गादी टाकली तिथेच ती ठेवून चालत नाही. चढणारा पुढे गेला की खालच्याने ती ओढून त्याच्याखाली न्यायची. उजव्या टोकाला जमिनीतून धारदार कातळाचा कणा वर आला आहे. तिथे गादीशिवाय पडणे म्हणजे काय, हे सांगायला डॉक्टर नको.

सुहास मधल्या खोबणीत हात घालून क्षणभर थांबे आणि ओरडे, "बाबा, गादी!" मग मी ओढत असे. हाक आल्याशिवाय मी हात खाली घेत नसे, कारण तसे त्यानेच बजावले होते. ही सवय लक्षात ठेवा.

तो गेल्यावर मी तिकडे फिरकलो नाही. गादी आमच्या ओसरीवर भिंतीला उभी होती. थंडी सुरू झाल्यावर एका सकाळी नाझिया आली. ती सुहासची विद्यार्थिनी. तिचे वडील रफिक यांचे बसस्टँडमागे दुचाकीचे गॅरेज आहे. गणितात नापास होता होता ती सुहासमुळे इंजिनिअरिंगला गेली, आणि मैत्रिणींसोबत दगडांवरही जाऊ लागली होती. ती आली की मी वयोमानाने घरी बसत असे, कारण मग सुहास तिच्याखाली उभा राही आणि ती त्याच्याखाली.

"आजोबा, गादी नेऊ का?"

"मी कोणाचा आजोबा नाही," मी म्हणालो. ते खरेच होते. सुहासने लग्न केले नव्हते.

"बरं. गादी नेऊ का, वकीलसाहेब?"

"खाली कोण उभे राहणार?"

"कुणीच नाही. मैत्रिणींच्या घरचे सोडत नाहीत आता. म्हणतात, तिथले सर वारले." ती गादीच्या तुटक्या पट्ट्याशी चाळा करत होती. "मला फक्त 'तारीख' पूर्ण करायची आहे. सरांनी पुढची वाट सांगितली होती मला. खोबणीच्या पुढचा पाय, म्हणजे तो टेकायची जागा, त्यांनी शोधला होता, पण मग ताप आला."

हे मला ठाऊक नव्हते. माझ्या मुलाने काहीतरी शोधले होते आणि ते मला सांगायचे राहून गेले होते.

"मी येतो," मी म्हणालो.

रफिकने मालवाहू रिक्षा दिली. नेकनूर सोडल्यावर पाणंदीने पाझर तलावापर्यंत जाता येते, पुढे पायी. सीताफळांचा हंगाम संपला होता. कुसळी गवत वाळून पिवळे पडले होते आणि धोतराच्या सोग्याला टोचत होते. गादी आम्ही दोघांनी मिळून नेली, ती पुढे, मी मागे. वाटेत किती वेळा टेकलो ते विचारू नका. मोर ओरडत होते. जंगलात त्या वेळी तिसरे माणूस नव्हते. हे मी अंदाजाने म्हणत नाही. त्या दगडांकडे यायला एकच पायवाट आहे आणि ती उघड्या माळावरून येते. वाळलेल्या गवतातून शेळी आली तरी ऐकू येते.

गादी आम्ही 'तारीख'च्या डाव्या टोकाला टाकली. नाझियाने हातांना पूड लावली. मी हात वर केले.

"बिस्मिल्ला," ती म्हणाली आणि चढली.

ती चढत कशी होती, हे मला नीट सांगता यायचे नाही, कारण मी तिच्याकडे बघत असलो तरी मला दुसरेच कोणीतरी दिसत होते. तीच डाव्या पायाची टाच वर घेण्याची लकब. तोच मधला खोल श्वास. ती खोबणीपाशी पोहोचली, तिने हात आत घातला आणि क्षणभर थांबली. अगदी तिथेच तो थांबत असे.

मी हाकेची वाट पाहू लागलो.

हे आता लिहिताना मला कळते की हाक येणार नव्हती. नाझियाने गादीसाठी कधी हाक दिलीच नव्हती. तिच्याखाली सुहास असे आणि तो न सांगता गादी पुढे नेत असे. तिला वाटत होते, खालचा माणूस आपणहून सरकवतो. मला वाटत होते, वरचा माणूस हाक देतो. दोघांना एकाच माणसाने शिकवले होते आणि दोघांना निरनिराळे सांगितले होते. आणि खुलासा करायला तो नव्हता.

ती पुढे सरकली. खोबणीच्या पलीकडे तिने एक पाय अशा जागी ठेवला, जिथे मला पाय ठेवण्याजोगे काहीच दिसत नव्हते. तोच तो पाय. माझ्या मुलाने शोधलेला. तो दगडावर टिकला. मी मान वर करून त्या पायाकडे बघत राहिलो, आणि...

...आणि मला ताडपत्री दगडगोट्यांवरून ओढली जाण्याचा आवाज आला. एक झटका. मध्ये थांबणे. दुसरा झटका. मग पायाने ठोकून गादी बसवल्याचा आवाज.

मी घाबरलो नाही. उलट मनाला स्वस्थता वाटली. सरकली गादी, असे मी म्हटले, जसे आपण स्वयंपाकघरात भांड्याचा आवाज ऐकून घरी कोणीतरी आहे असे मनाशी म्हणतो. कोणी सरकवली, हा प्रश्न मला त्या क्षणी पडला नाही. माझ्या मनाने तो प्रश्नच उपस्थित होऊ दिला नाही.

नाझिया माथ्याला हात घालणार तेवढ्यात तिची बोटे सुटली. कोणी ओढले नाही. तिथे थंडीत दव राहते आणि माथ्याची कड ओली होती, तिने स्वतः नंतर सांगितले. ती पाठीवर आली, हात पसरून, थेट त्या कातळाच्या कण्याच्या दिशेने, आणि गादीवर पडली. कापसाचा दबका आवाज झाला. धूळ उडाली. गादी त्या कण्याला झाकून, बरोबर त्याच्यावर होती.

मी मात्र होतो तिथेच होतो. दगडाच्या डाव्या टोकाला. माझ्या पायांपुढे, जिथे आम्ही दोघांनी गादी टाकली होती, तिथे गादीखाली दबलेल्या गवताचा चौकोन होता.

नाझिया पडल्या पडल्या मान वळवून माझ्याकडे बघू लागली. मग तिने जे पहिले वाक्य उच्चारले, ते मी शेवटी सांगेन. तिने उठून गादीवर हात फिरवला. मग हलकेच विचारले, "तुम्ही पण ऐकलं?" मी होकारार्थी मान हलवली. जाताना तिने, सुहासची रीत होती तशी, दगडावर उमटलेली पुडीची पांढरी बोटे ब्रशने झाडून काढली. मी तिला म्हणालो की आजच्या दिवस राहू दे. ती म्हणाली, "सर रागावतील."

दुसऱ्या दिवशी रफिक मिठाईचा पुडा घेऊन दारात. डोळे भरलेले.

"वकीलसाहेब, लेकीचा जीव वाचवला तुमी. माझ्या चामड्याचे जोडे केले तरी—"

"मी काही केले नाही. गादी मी ओढली नाही."

"तुमी न्हाई, मंग कोनी?"

"ते मला ठाऊक नाही."

तो पायरीवर बसला. मग म्हणाला, "साहेब, छोटं तोंड... पर तुमीच ओढली म्हना की. माझी पोरगी घरात कायबाय बोलली, शेजारच्यांनी ऐकलं. नेकनूरपर्यंत गेलंय. लोक लई वंगाळ बोलायलेत सुहास सरांबद्दल. तुमी हो म्हनलात तर तोंडं बंद होतील."

"आणि ते खोटे असेल."

"खोटं खरं जाऊ द्या ओ. पोराचं नाव तर ऱ्हाईल!"

त्याचा हेतू चांगला होता. मी मिठाई ठेवून घेतली आणि त्याला होकार दिला नाही.

रफिक म्हणाला ते खरे होते. पाणंदीच्या तोंडाशी भगवानचे चहाचे हॉटेल आहे. गोष्ट तिथेच पिकली आणि तिथूनच तुमच्या त्या लेखकाच्या हाती लागली. मी गेलो, तर दगडांकडे जाणाऱ्या वाटेवर लिंबू आणि तांबडी चिंधी.

"राग नका धरू, वकीलसाहेब," भगवान म्हणाला, "पर तुमचं पोरगं तिथंच घुटमळायलंय. गुराखी जाईनात तिकडं. देवरशी बोलवलाय आम्ही. त्या दगडात चार खिळे ठोकनार, मंग ते बांधलं जातंय. कोनाला तरास न्हाई."

"माझ्या मुलाला खिळे ठोकणार?"

"दगडाला ओ."

"भगवान, सुहास दर रविवारी तुझ्या इथे भजी खायचा. त्याने कधी कोणाला ढकलले?"

"न्हाई बा. लई गुनाचं लेकरू. माझ्या पोरीला पाढे शिकवलते त्यानं."

"मग?"

"तवा मानूस होतं ओ ते."

"आणि मेल्यावर माणसाचा स्वभाव बदलतो, हे तुला कोणी सांगितले?"

भगवानने न मागता माझ्यापुढे चहा ठेवला. देवरशी मात्र येणार आहे, आणि जादूटोण्याविरुद्धच्या कायद्याची कलमे मला तोंडपाठ असली तरी खिळा ठोकायला एक हातोडा आणि एक क्षण पुरतो. मी रोज तिथे पहारा देऊ शकत नाही. म्हणून हे लिहीत आहे. भगवानच्या हॉटेलात बसणारी सगळी पोरे हा समूह वाचतात.

आता तुमच्यापैकी समजूतदार लोकांचे म्हणणे घेतो, कारण ते मला त्या लिंबापेक्षा जास्त बोचते. त्या मजकुराखाली एकाने अतिशय सभ्य भाषेत लिहिले आहे की, "आजोबांनीच गादी ओढली असणार. मुलाच्या दुःखात त्यांना आठवत नसावे. वय झाले की असे होते."

महाशय, माझ्या स्मरणशक्तीवर विरुद्ध पक्षाच्या नामांकित वकिलांनी हल्ले केले आहेत आणि त्यांना घाम फुटलेला मी पाहिला आहे. पण क्षणभर तुमचे म्हणणे मानू. मी गादी ओढली आणि विसरलो. असे मानले तर मी कर्तव्यदक्ष ठरतो, मुलगी माझ्यामुळे वाचते, तुमच्या अंगावर काटा येतो आणि सगळे सुखी होतात. जन्मभर मी स्वतःच्या बाजूने युक्तिवाद केला, आणि आज पहिल्यांदा विरुद्ध बाजूने करत आहे. मी चुकलो. ज्या कामासाठी मला तिथे उभे केले होते, ते मी केले नाही. एका मृत माणसाच्या हाकेची वाट पाहत मी उभा राहिलो आणि जिवंत मुलीला विसरलो. ही चूक माझी आहे आणि ती माझ्याकडून कोणी काढून घेऊ नये. कारण ती काढून घेतलीत, तर त्या सकाळी तिथे जे कोणी चुकले नाही, त्यालाही तुम्ही काढून घेता.

तो सुहास होता, असे मी म्हणत नाही. तसे म्हणायला माझ्यापाशी पुरावा नाही. रात्री झोप लागत नाही तेव्हा मी काय म्हणतो, तो माझा प्रश्न. इथे मी इतकेच म्हणतो की त्या दगडांपाशी जे काही आहे, ते कोणाला खाली ओढत नाही. माझ्या माहितीत त्याने एकदाच काही ओढले, आणि ती गादी होती. त्याला खिळे ठोकू नका. याहून जास्त खुलासा माझ्याकडे नाही आणि तो मिळेल अशी आशाही नाही.

राहिली शेवटची गोष्ट. गादी ओढायला दोन्ही हात लागतात, हे वर सांगितले आहे. तुटक्या पट्ट्यामुळे ती एका हाताने जागची हलत नाही. ज्याला शंका असेल त्याने आमच्या ओसरीवर येऊन हलवून बघावी. नाझिया पडली तेव्हा गादी त्या टोकाला होती, मी या टोकाला. धूळ खाली बसायच्या आत तिने मान वळवून मला पाहिले. तिचे पहिले वाक्य हे होते:

"आजोबा, मी ठीक आहे. हात खाली घ्या आता."